नकाशांच्या कपाटातली पुडी

माझ्या डाव्या गालाच्या आत छातीचे केस उगवतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. गाल आणि जबड्याचा तुकडा काढला की ती जागा भरायला छातीचं मांस आणि कातडं वर ओढून लावतात. कातडं जागा बदलतं, सवय बदलत नाही. रेडिएशननंतर केस बरेच कमी झाले, तरी एका कडेला येतातच. माझी बायको मंगला महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात छोट्या कात्रीने ते कापते. तेवढा वेळ मी डोळे मिटून घेतो. दुखत नाही. लाज वाटते.

ज्याच्या तोंडात जखम आहे आणि ज्याने अजून कुणाला सांगितलं नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय. दुखण्याची माहिती डॉक्टर देतील. मला लाजेबद्दल सांगायचंय. माझ्या लाजेपायी एक दुसरा माणूस अडकला.

मी आणि किसनभाऊ

दुसरबीडकडच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मी इतिहास-भूगोल शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला बी.ए., पहिला बी.एड. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात काम केलं. माझं पदवीचं प्रमाणपत्र मायने बुद्धमूर्तीच्या शेजारी लावलंय आणि दर पौर्णिमेला मूर्तीबरोबर त्याचीही काच पुसते. वस्तीत कुणाचा अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात. अक्षर चांगलं आहे माझं. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे.

आणि चौदा वर्षं मी तंबाखू खाल्ली. चोरून.

पुडी ठेवायचे आमच्या शाळेचे शिपाई, किसनभाऊ. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण मला 'सर' म्हणणार आणि मी बसल्याशिवाय बसणार नाहीत. पानठेल्यावर मी कधी उभा राहिलो नाही. सर तिथे कसे दिसणार? पुडी आणायची त्यांनी, लपवायची नकाशांच्या कपाटात, गुंडाळलेल्या आशिया खंडाच्या मागे. मधल्या सुटीत ते तळहातावर चुना लावून मळायचे, अर्धी चिमूट मला, अर्धी त्यांना. ते उजव्या गालात ठेवायचे, मी डाव्या.

रविवारी विहारात मी पंचशील म्हणायचो तेव्हा पाचव्या शीलाला जरा अडखळायचो. मग स्वतःला समजावायचो की त्यात दारूचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. शिकलेल्या माणसाला अशी पळवाट लवकर सापडते.

मागच्या वर्षी शाळेवर 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक लावायचं ठरलं. फाटकापासून टेप धरून तंबाखूविक्रीला बंदी असलेलं अंतर मोजलं, रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेतली ती मीच. अहवालही माझ्याच अक्षरात. तपासणीला पाहुणे आले. त्यांतल्या एकाला वर्गात नकाशे वापरता का ते बघायचं होतं. त्याने आशिया बाहेर ओढला आणि पुडी फरशीवर पडली.

"कोणाची आहे ही?" हेडमास्तरांनी विचारलं.

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खाली वाकून नकाशा गुंडाळत होतो, जरुरीपेक्षा जास्त हळू.

"माही हाय साहेब," ते म्हणाले.

लेखी माफीनामा मागितला गेला. किसनभाऊंना सही येते, लिहिणं जमत नाही. हेडमास्तर मला म्हणाले, "सर, तुम्ही लिहून द्या त्यांना." मी लिहून दिलं. 'शाळेच्या आवारात तंबाखू बाळगण्याची चूक माझ्याकडून झाली असून पुन्हा असे होणार नाही.' एकही खाडाखोड नाही. खाली त्यांची सही. तो कागद त्यांच्या फाइलला लागला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत त्यांनी नेहमीसारखी अर्धी चिमूट माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "आता कपाट बदला लागन सर." मी ती घेतली.

निदानाचा दिवस

दिवाळीपासून गालाच्या आत झोंबत होतं. ठेचा सोडला, मग वरणातली फोडणीही सोसेना. मंगलाच्या मागे लागण्याने तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आत पाहिलं आणि मला दाताबद्दल काहीच न बोलता चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आमच्याकडून जालन्यावरून संभाजीनगर.

तिथली डॉक्टर माझ्या पहिल्या बॅचच्या मुलींच्या वयाची होती.

"तंबाखू, गुटखा, काही?"

"नाही. दात टोचतो, त्याने जखम झाली."

तिने गाल बोटाने बाजूला केला, लाईट धरला. "सर, या कोपऱ्यात काय ठेवत होतात?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. तुकडा तपासायला घेतला. आठवड्याने कॅन्सर आहे म्हणून कळलं.

परतीच्या एसटीत सिंदखेडराजा येईपर्यंत मंगला मांडीवरचे दवाखान्याचे कागद सरळ करत होती. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मले लग्नापासून वास येऊन राह्यला. तुमी बडीशेप खाऊन घरी आले का मी समजून घेत होती."

"मंग काऊन नाही बोलली?"

"तुमी सर हाय ना," ती म्हणाली.

मायला दातच सांगितला. माय ते वस्तीभर सांगत फिरली. "माह्या लेकाले सुपारीचं बी व्यसन नाही. दातानं घात केला पाहा." घरात बसून मी ते ऐकायचो. एकदाही उठून बाहेर गेलो नाही.

वॉर्ड

ऑपरेशननंतर नाकात नळी होती, त्यातून दूध आणि डाळीचं पाणी. गळ्याला श्वासासाठी भोक. आवाज नाही. बोलायचं असेल तर पाटी. मी पाटीवर सुवाच्य अक्षरात 'कृपया पाणी' लिहायचो, तर नर्स म्हणायची, "सर, 'कृपया' लिहीपर्यंत मी पाणी आणलं असतं."

बाजूच्या खाटेवर मेहकरचे रफीकभाई. ट्रक चालवायचे. माझ्या आठवडाभर आधी त्यांचं ऑपरेशन झालेलं, गळ्याच्या भोकावर बोट ठेवलं की त्यांना बोलता यायचं. त्यामुळे ते एक बोट कायम गळ्यावर ठेवूनच असायचे.

तिसऱ्या दिवशी कांताबाई आल्या. लोणारकडच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या. त्यांचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालेलं. तपासणीला आल्या की आधी वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून एक चक्कर मारायच्या, मग डॉक्टरकडे. ओठ एका बाजूला ओढलेला, खांद्यावर कायम एक धुतलेला रुमाल. चेहऱ्यावरून पदर घेतलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"काय खात होते सर?" त्यांनी विचारलं. 'तुमी कुठले' असं विचारावं तितक्या सहज.

मी पाटीवर लिहिलं. 'काही नाही. दात टोचून झाले.'

रफीकभाईंनी वाचलं, गळ्यावर बोट दाबलं. "मेरा भी दात ही था सरजी. दात के नीचे पुडी थी बस."

नळी नाकात असताना हसू नये. आजूबाजूच्या चार खाटांवर सगळे नाक धरून हलत होते. मी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"राहू द्या त्याहिले," कांताबाई म्हणाल्या. "येईल तवा येईल तोंडावर." मग माझ्या पायाशी बसून त्यांनी कामाच्या गोष्टी सांगितल्या. आरसा आज पाहू नका. पाहाल तेव्हा घरचं माणूस जवळ ठेवा. नळी निघाल्यावर पहिला घोट घेताना मान चांगल्या बाजूला कलवा. लाळ गळते, गळू द्या, रुमाल ठेवा, त्याच्यासाठी जेवण सोडू नका.

बाराव्या दिवशी नळी निघाली. मान कलवून मी चमच्याने कोमट पाणी घेतलं. ते गिळलं गेलं तेव्हा मंगलाने डोळ्याला पदर लावला. मी पाण्याचं कौतुक म्हणून दुसरा चमचा मागितला.

बाकडं

पुढे रेडिएशनसाठी आणि नंतर तपासणीसाठी येत राहिलो तसा मला दवाखान्यामागच्या लिंबाखालचं बाकडं कळलं. मंगळवारी आमचे सगळे तिथे जमायचे. प्रत्येकाच्या खिशात आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, रबर लावलेल्या. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो, म्हणून दातांमध्ये काड्यांची चळत धरून बसायचं आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. तब्येत कशी आहे असं तिथे कुणी विचारत नाही. "किती काड्या?" विचारतात. मी सहावर होतो. रफीकभाई अकरावर गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ताक पाजलं.

बाकड्याचा एक रिवाज होता. नवा माणूस आला की कांताबाई तीन गोष्टी विचारायच्या. नाव-गाव काय? काय खात होते, कोणत्या बाजूला ठेवत होते? आणि तिसरं, तुमच्यासंगं कोण खात होतं, त्यानं डॉक्टरला तोंड दाखवलं का?

शाळेत मी रोज हजेरी घेतो, इथे हजेरी द्यायची पाळी आली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि "दात" म्हणालो. दातामुळे झालंय म्हटल्यावर तिसरा प्रश्न उरत नव्हता. त्यांनी विचारला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

ताकाची बरणी

मे महिन्यात किसनभाऊ घरी आले. हातात ताकाची बरणी. मी खुर्ची दाखवली तरी उंबऱ्याजवळ खालीच बसले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं, डोळे वळवले नाहीत. ऑपरेशननंतर तसं पाहणारे थोडे होते.

"आवाज आला सर?"

"आला. थोडा." माझ्या तोंडून 'प' आणि 'ब' धड येत नव्हते, म्हणून मी ते शब्द टाळूनच बोलायचो.

इकडचं तिकडचं झाल्यावर ते गालाला हात लावून म्हणाले, "मले बी आजकाल तिखट लागून राह्यलं. उजव्या गालात पांढरं पडलं. बायको म्हणते दवाखान्यात जा. पन तुमचं तं दातानं झालं ना? माह्ये तिकडचे दात कवाचेच गेले. मंग मले काय होते?" आणि हसले.

मंगला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. किसनभाऊही माझ्याकडे पाहत होते. मी ताकाचा पेला तोंडाला लावला, मान चांगल्या बाजूला कलवली आणि घोट संपेपर्यंत वर पाहिलं नाही.

"हं," म्हणालो.

ते गेल्यावर मंगला म्हणाली, "बोलाचं होतं."

"काय बोलू?"

तिने पेला उचलला. बरणी घासायला घेऊन गेली.

मी स्वतःला सांगितलं, बरा होऊ दे, शाळा उघडू दे, मग सांगू. शाळा उघडली. रजा शिल्लक होती, मी घरीच राहिलो. शाळेच्या फाटकावरून जायचं टाळण्यासाठी दुकानाला मागच्या गल्लीने जायचो.

सात आठवडे

जुलैत एका मंगळवारी बाकड्यावर एक नवा माणूस तिसऱ्या प्रश्नाला चिडला. "दुसऱ्याचं काय घेऊन बसल्या मावशी? माह्यं पाहा ना."

कांताबाईंनी तोंडातल्या काड्या काढल्या, रुमालात ठेवल्या. "मी अन् माही जाऊ संगंच मिसरी लावत होतो. सकाळी न्हानीपाशी बसून, एकाच डबीतून. माह्या तोंडात झालं, तं मी सांगलं गळू झालं म्हणून. शरम वाटली. बाईमानसाले काय म्हनतील. तिले बी झालं होतं. माह्यं पाहून तिनं बी गळूच समजलं. मी इथं वाचून राह्यली होती, ती तिकडं गरम पाण्यानं शेकत बसली." त्यांनी रुमालाने ओठ पुसला. "ती गेली. म्हणून इचारते भाऊ. राग नका येऊ देऊ."

माझ्या तोंडात नऊ काड्या होत्या. मी त्या काढल्या.

"माझा दात नव्हता," मी म्हणालो. "तंबाखू. डावीकडे. चौदा वर्षं." आणि मग 'प' न् 'ब' ची पर्वा न करता कपाट, पुडी, माफीनामा, ताकाची बरणी, सगळं सांगितलं. मध्ये लाळ गळली, पुसली नाही.

मला वाटलं होतं की रफीकभाई काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "कितने दिन हुए उसको आके?"

"सात आठवडे."

"मंग इथं काऊन बसले?" कांताबाई म्हणाल्या. "गाडी किती वाजता हाय तुमची?"

किसनभाऊंचं अंगण

मी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. किसनभाऊ अंगणात बाज विणत होते. मला पाहून खुर्ची आणायला उठले.

"बसत नाही किसनभाऊ. माझं दातानं झालं नाही. तंबाखूनं झालं."

ते पुन्हा बाजेपाशी बसले, दोरी दोनदा ओढली. "ते तं मले मालूम हाय सर. मीच मळून देत होतो ना."

"मग त्या दिवशी तसं काऊन बोलले?"

"तुमी शिकेल मानूस. मले वाटलं डॉक्टरनं सांगतलं असन का तंबाखूनं नसते होत. तुमी हं म्हनलं, मले बरं वाटलं." दोरी हातातच होती. "मले बी तेच पाह्यजे होतं."

"उद्या चला माझ्यासंगं."

"उद्या कसा येऊ? फाटक कोण उघडन?"

"हेडमास्तरांना मी सांगतो. उघडतील कोणी."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "जाते ते सर. मी पाठोते त्याहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. तुकडा तपासायला घेतला आणि मी त्यांना लिंबाखाली नेलं. मंगळवार नव्हता, तरी कांताबाई आमच्यासाठी रात्री दवाखान्यातच मुक्कामाला थांबल्या होत्या. त्यांनी किसनभाऊंना बाकड्यावर जागा दिली. नाव-गाव झालं. उजवा गाल झाला.

"तुमच्यासंगं कोण खात होतं भाऊ?"

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांसमोर पाहिलं होतं अगदी तसंच, विचारल्यासारखं.

"मी," मी म्हणालो. "पुडी दोघांची होती."

कांताबाईंनी मान हलवली. "याहिनं तोंड दाखोलं," त्या म्हणाल्या आणि आपल्या काड्या पुन्हा तोंडात धरल्या.

कॅन्सरच निघाला. माझ्यापेक्षा लहान. गालाच्या आतला तुकडा गेला, जबडा राहिला. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं की सात आठवडे आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सर, ते आता मोजू नका." त्यांना तसं म्हणावं लागतं. मी मोजतो.

कागद

किसनभाऊ दवाखान्यातून घरी आल्यावर मी हेडमास्तरांच्या नावे एक पत्र लिहिलं. तपासणीच्या दिवशी सापडलेली पुडी माझीही होती, माफीनामा माझ्या अक्षरात होता आणि मी गप्प राहिलो, एवढंच. दोन कागद फाडले, तिसरा जमला. शाळेत देण्याआधी त्यांना वाचून दाखवायला नेला. मायला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "सगळ्या गल्लीले सांगून बसली ना मी." नंतर तीच चार घरं फिरून खरं सांगून आली. माझ्यापेक्षा तिला कमी वेळ लागला.

मी माझ्या तुटक बोलण्यात पत्र वाचलं. किसनभाऊंनी डोळे मिटून ऐकलं.

"एक राह्यलं सर."

"काय?"

"मी बी खात होतो हे लिवा त्यात. नाहीतं साहेब म्हनतील, सरनं एकट्यानंच सगळी खाल्ली." हसताना त्यांनी टाक्यांवर हात धरला.

मी ओळ घातली. खाली दोघांच्या सह्या झाल्या.

हेडमास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. "हे फाइलला लावायचं म्हणता? तुमच्या?"

"दोघांच्याही. एक प्रत काढा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पत्र टेबलावर ठेवलं. मला वाटतं त्यांनाही पुडी दोघांची असल्याचं माहीत होतं. खेड्यात काय लपतं?

आमच्या शाळेत कागद फाइलला लावण्याचं काम शिपायाचं. म्हणून ती दोन्ही पत्रं किसनभाऊ कामावर परत येईपर्यंत टेबलावर वजनाखाली राहिली. मीही तोवर रुजू झालो होतो. आठवीच्या वर्गात माझी हजेरी ऐकून पहिल्या दिवशी मागच्या बाकावर हसू फुटलं होतं. मी पोरांना सांगितलं माझा आवाज असा का झाला ते. आता हसत नाहीत, कधीकधी मुद्दाम मोठ्याने 'हजर सर' म्हणतात.

किसनभाऊ आले ते दाभण आणि टॅग घेऊनच बसले. माझी फाइल झाली. मग त्यांची उघडली. वरच मागचा माफीनामा होता, माझं सुंदर अक्षर. त्यांनी नवा कागद हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा वर लावू का खाली सर?"

"वर लावा," मी म्हणालो. "उघडल्याबरोबर दिसला पाहिजे."

त्यांनी भोकं जुळवली आणि टॅग ओढून गाठ मारली.